मॉरोविंड नव्या खेळाडूंच्या हातात देताना: पहिल्या तीन तासांची तयारी

मे २००२ मध्ये आलेला मॉरोविंड हा संगणकावरचा रोल-प्लेइंग गेम आज नव्या पोरांना दाखवला की ठरलेला प्रकार घडतो. बोटीतून उतरणं, नाव सांगणं, कागद घेणं इथपर्यंत मजा वाटते. मग पहिला खेकडा समोर येतो, दहा वार हवेत जातात आणि लॅपटॉप बंद होतो. दोष चित्रांना दिला जातो. म्हणून जो तो आधी शंभर-दीडशे ग्राफिक्स मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडफाइल्स) चढवतो, दोन दिवस त्यात घालवतो, आणि पोरगं तरीही त्याच खेकड्यापाशी गेम सोडतं.

या गेमची अडचण चित्रं नाहीत. तो आपले नियम सांगत नाही, ही अडचण आहे. त्यामुळे मेहनत करायचीच तर पहिल्या तीन तासांवर करा. इंजिन (गेम चालवणारा प्रोग्राम) नवं घ्या, चुका दुरुस्त करा, पात्र नीट बनवून द्या, दम आणि नेम यांचं गणित समजावून सांगा, आणि बाकी गेमला हात लावू नका. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत चार-सहा लॅपटॉप मांडून रविवारची बैठक घ्यायची असेल, किंवा धाकट्या भावाच्या मशीनवर गेम बसवून द्यायचा असेल, तरी पुढची रीत तीच.

काय लागतं

गेमची स्वतःची प्रत प्रत्येकाकडे हवी. स्टीम किंवा जीओजी या दुकानांत ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्ती मिळते. तिच्यात मूळ गेमसोबत ट्रायब्युनल (२००२) आणि ब्लडमून (२००३) हे दोन्ही विस्तार येतात. सेल लागेपर्यंत थांबलात तर फार कमी पैशांत पडते. बसवल्यावर साधारण १ जीबी जागा जाते, म्हणजे मोबाईल डेटावरही उतरवता येते.

दुसरी वस्तू म्हणजे ओपनएमडब्ल्यू. हे त्याच गेमचं नव्यानं लिहिलेलं इंजिन. मोकळ्या परवान्याचं आणि फुकट असून विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. त्यात गेमची चित्रं, आवाज, संवाद काहीच नसतं, ते तुमच्या विकत घेतलेल्या प्रतीतून येतं. त्यामुळे इंजिन पेनड्राइव्हवरून सगळ्यांना वाटायला हरकत नाही, गेमचं फोल्डर मात्र वाटू नका.

मूळ इंजिनच का नको? चालतं तेही, पण रुंद स्क्रीन, क्रॅश, लांबचं दृश्य यांसाठी त्याला दोन-तीन वेगळी अवजारं जोडावी लागतात आणि पाच मशीनवर पाच तऱ्हा होतात. शिकवायला बसलेल्या माणसाला ते परवडत नाही. ज्यांना मूळ इंजिनच्या ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ या जोड-अवजारावर चालणारे मॉड हवेत त्यांनी तिकडं जावं. ते मॉड ओपनएमडब्ल्यूवर चालत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी व्हिडिओ बघून तेच आणतो आणि तासभर डोकं धरून बसतो.

मशीन जुनं चालतं. ऑफिसातून निघालेला, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणारा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. ४ जीबीवरही भागतं, फक्त लांबचं दृश्य आवरतं घ्यावं लागतं. माउस मात्र हवाच. टचपॅडवर तलवार चालवायला लावणं म्हणजे नव्या माणसाला घरी पाठवणं. अँड्रॉइडवरही ओपनएमडब्ल्यू चालतं, पण या गेममध्ये वाचन इतकं आहे की फोनच्या स्क्रीनवर डोळे शिणतात. ज्याला गेम आधीच आवडलाय त्यानं बसमध्ये खेळायला ठीक.

बसवणं

आधी गेम बसवा आणि एकदा मूळ लाँचरमधून उघडून बंद करा. मग ओपनएमडब्ल्यू बसवा आणि त्याचा विझार्ड चालवा. तो विचारतो की सीडीवरून बसवायचं की आधीच बसवलेला गेम वापरायचा. दुसरा पर्याय घ्या. गेम आपोआप सापडला नाही तर ‘डेटा फाइल्स’ फोल्डरमधली मॉरोविंडची मुख्य फाइल स्वतः दाखवून द्या. शेवटी जुन्या सेटिंग्ज आयात करायच्या का असं विचारतो. ‘हो’ म्हणा. ही पायरी गाळू नका, कारण दोन्ही विस्तारांचे चित्रसंग्रह त्यातूनच नोंदवले जातात.

मग लाँचरमध्ये ‘डेटा फाइल्स’च्या पानावर जाऊन तीन मुख्य फाइल्सवर खूण आहे का बघा. क्रम आधी मॉरोविंड, मग ट्रायब्युनल, मग ब्लडमून. एवढ्यावर गेम सुरू व्हायला हवा.

सुरू झाला, पण काही वस्तू भडक गुलाबी दिसत असतील तर चित्रफाइल सापडत नाहीये. वस्तूच्या जागी उद्गारचिन्हाचा पिवळा ठोकळा उभा असेल तर आकाराची फाइल सापडत नाहीये. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ‘आर्काइव्ह’च्या यादीत विस्तारांचे संग्रह नोंदलेले नसतात, नाहीतर मॉडचं फोल्डर चुकीच्या पायरीवर जोडलेलं असतं.

गेम धापा टाकत असेल तर एफ३ दाबून फ्रेमचा आकडा बघा (बऱ्याच लॅपटॉपवर एफएन दाबून). बाल्मोरा गावाच्या मधोमध उभं राहून बघा, खेळ सुरू होतो त्या सेडा नीन गावाच्या दलदलीत नाही, तिथं सगळ्यांचंच बरं चालतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही आकडा कमी येत असेल तर विंडोज गेमला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालवत असतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओपनएमडब्ल्यू जोडून ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. त्यानंतरही कमी असेल तर पहिल्यांदा सावल्या बंद करा. त्या सगळ्यात महाग पडतात. मग पाण्यातलं प्रतिबिंब उतरवा. चित्रांची रिझोल्यूशन शेवटी.

सेव्ह आणि सेटिंग्ज डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरात राहतात. ज्यांचं डॉक्युमेंट्स आपोआप क्लाउडवर जातं, त्यांच्याकडे कधी सेव्ह दिसत नाही, कधी सेटिंग्ज जुन्याच राहतात. गेम सुरू असताना ते सिंक थांबवून ठेवा.

मॉड किती

थोडे. पहिल्या फेरीला नुसती दुरुस्ती. ‘पॅच फॉर प्युरिस्ट्स’ हा मॉड गेममधल्या असंख्य चुका काढतो आणि गेमचा स्वभाव बदलत नाही. त्याला तिन्ही मुख्य फाइल्स लागतात. त्याच्या जोडीला ‘मॉरोविंड ऑप्टिमायझेशन पॅच’ घाला. वस्तूंचे आकार नीट बांधलेले असल्यामुळे जुन्या मशीनवर फ्रेम सुधारतात.

मूळ गेमच्या फोल्डरात मॉड ओतू नका. प्रत्येक मॉडला वेगळं फोल्डर करा आणि लाँचरमध्ये ते ‘डेटा डिरेक्टरीज’मध्ये जोडा. यादीत जो खाली, त्याचं चालतं. काही बिघडलं तर ती ओळ काढली की गेम पूर्ववत. नेहमीची चूक म्हणजे झिप उघडल्यावर फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतो आणि बाहेरचा जोडला जातो. ज्या फोल्डरात ‘मेशेस’ आणि ‘टेक्स्चर्स’ ही नावं थेट दिसतात, तोच जोडायचा. शिवाय फोल्डर जोडणं आणि फाइलवर खूण करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली आणि दुसरी राहिली की मॉड गुपचूप बंद राहतो, एरर सुद्धा येत नाही.

तिसरा मॉड हवा तो मारेकऱ्यांसाठी. ट्रायब्युनल विस्तार लावलेला असला की नवा खेळाडू पहिल्यांदा झोपतो आणि डार्क ब्रदरहुडचा मारेकरी उशाशी येऊन उभा राहतो. पहिल्या पातळीच्या पात्राला तो भारी पडतो. आणि चुकून मारला गेलाच तर त्याचं चिलखत विकून एवढे पैसे येतात की पुढचे दहा तास पैशाची किंमतच राहत नाही. हा हल्ला उशिरा आणणारे छोटे मॉड आहेत, त्यातला एक लावाच.

एवढंच. झाडं हाताने खुडल्यावर खरोखर खुडलेली दिसावीत, तलवार म्यानात दिसावी, असले प्रकार ओपनएमडब्ल्यू स्वतः सांभाळू शकतं. त्यासाठी लागणाऱ्या फाइल्स नंतर हौसेनं घाला.

लांबच्या दृश्याबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे. लाँचरमध्ये ‘डिस्टंट लँड’ची खूण करता येते आणि दृश्याचं अंतर सेलमध्ये ठरवता येतं. सेल म्हणजे गेमच्या जगाचा एक चौकोन, बाजू ८१९२ युनिटांची. लोक हौसेनं दहा-पंधरा सेल ठेवतात आणि मग बेट तळहाताएवढं दिसायला लागतं. धुक्यामुळे व्हार्डेनफेल, म्हणजे गेमचं बेट, मोठं वाटतं, वाट चुकल्यासारखं वाटतं, आणि हा गेम वाट चुकण्यावरच उभा आहे. तीन सेल पुरे, जुन्या लॅपटॉपवर दोन.

नव्या माणसासाठी ज्या खुणा कराव्यातच त्या लाँचरच्या सेटिंग्जमध्ये आहेत. वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असेल तर नेमाचं चिन्ह रंग बदलून दाखवेल, ती खूण करा. शस्त्राची माहिती आणि मंत्राचा उरलेला वेळ दाखवणारी करा. संवादातले विचारून झालेले विषय वेगळ्या रंगात दाखवणारी तर नक्की करा. मूळ गेममध्ये हे नव्हतं आणि पोरं एकच प्रश्न पाच-पाचदा विचारत बसायची. अक्षरांचा आकार थोडा वाढवा.

दम आणि नेम

आता खेकडा. तुम्ही तलवार मारता, ती खेकड्यात घुसलेली डोळ्यांना दिसते, पण लागत नाही. “आरं मारतोय की, लागंना झालंय!” हे वाक्य प्रत्येक बैठकीत येणारच. ते येण्याआधी पुढचं गणित कागदावर मांडा.

प्रत्येक वाराला गेम आतल्या आत फासे टाकतो. शस्त्राचं कौशल्य घ्या, त्यात चपळाईचा पाचवा भाग आणि नशिबाचा दहावा भाग मिळवा. आलेल्या बेरजेला दमाच्या आकड्यानं गुणा. दम पूर्ण असेल तर तो आकडा १.२५, पूर्ण संपला असेल तर ०.७५. जे येईल ती टक्केवारी, आणि त्यातून समोरच्याची चुकवण्याची टक्केवारी वजा. तीही त्याच्या चपळाईचा पाचवा आणि नशिबाचा दहावा भाग मिळवून त्याच्या दमानं गुणून येते.

उदाहरण घ्या. चपळाई ४०, नशीब ४०, आणि लहान पात्याचं कौशल्य फक्त ५. बेरीज ५ अधिक ८ अधिक ४, म्हणजे १७. दम पूर्ण असताना सुमारे २१ टक्के. धावत येऊन दम संपवला असेल तर १३. म्हणजे आठ वारांत एक लागला तर लागला. तेच लांब तलवारीचं कौशल्य ५० असेल तर बेरीज ६२, दम भरलेला असताना ७७ टक्के, संपलेला असताना ४६.

आता सापळा बघा. सुरुवातीच्या सरकारी कचेरीत टेबलावर एक लोखंडी खंजीर पडलेला असतो. सगळे तो उचलतात. लांब तलवारीचं किंवा कुऱ्हाडीचं पात्र बनवलेला माणूस सुद्धा तोच खंजीर घेऊन बाहेर पडतो, दमाची हिरवी पट्टी संपेपर्यंत धावतो आणि खेकड्यावर तुटून पडतो. हा १३ टक्केवाला. खंजीर विकायला उचला, लढायला नको.

कठीणपणाची पट्टी कमी करून हे सुटत नाही. ती पट्टी फक्त किती लागावं यावर चालते, लागेल की नाही यावर नाही. बैठकीत कुणीतरी ती शून्याखाली ओढतो आणि ‘तरी लागत नाही’ म्हणून अजून वैतागतो. त्याला आधीच सांगा की पट्टीला हात लावू नको, हिरव्या पट्टीकडं बघ.

तीन पट्ट्या असतात. लाल जीव, निळी जादू, हिरवी दम. पळालं, उडी मारली, वार केला की दम उतरतो. चाललं, थांबलं की भरतो. निळी पट्टी मात्र नुसतं उभं राहून भरत नाही, झोपावं लागतं किंवा औषध प्यावं लागतं. आणि दम फक्त लढाईत मोजला जात नाही. मंत्र यशस्वी होणं, कुलूप उघडणं, माणूस वळवणं, दुकानातला भाव, सगळ्यात तो येतो. धापा टाकत दुकानात गेलात तर माल महाग मिळतो. म्हणून सवय लावा: शत्रू दिसला की धावणं बंद, चालत जवळ जा. दुकानाच्या दारात घटकाभर थांबा.

पात्र तयार द्या

नव्या माणसाला ‘हवं ते बनव’ म्हणू नका. कचेरीतला कारकून तीन मार्ग देतो: यादीतून निवडा, प्रश्नांची उत्तरं द्या, स्वतः बनवा. प्रश्नांचा मार्ग गमतीचा आहे, पण हाती काय येईल याचा नेम नाही. तिसरा मार्ग घ्यायला लावा आणि पुढची चिठ्ठी समोर ठेवा.

वंश रेडगार्ड, पुरुष. विशेष प्रावीण्य लढाई. मुख्य गुण शक्ती आणि चिवटपणा. मुख्य पाच कौशल्यं: लाँग ब्लेड, हेवी आर्मर, ब्लॉक, आर्मरर, अ‍ॅथलेटिक्स. दुय्यम पाच: रिस्टोरेशन, अल्केमी, स्पीचक्राफ्ट, मर्कंटाइल, सिक्युरिटी. रास योद्ध्याची, म्हणजे ‘द वॉरियर’.

हे असंच का? मुख्य कौशल्य ३० पासून सुरू होतं, रेडगार्डला लांब तलवारीचे १५ जास्त मिळतात, लढाईच्या प्रावीण्याचे ५. झाले ५०. योद्ध्याची रास नेमात थेट १० मिळवते, म्हणजे वरचे ७७ आता ८७ झाले. शक्ती आणि चिवटपणा दोन्ही ५० चे ६० होतात आणि सुरुवातीचा जीव त्यांच्या सरासरीएवढा, म्हणजे ६०. पातळी वाढली की चिवटपणाच्या दहाव्या भागाएवढा जीव वाढतो, आणि मागच्या पातळ्यांचा नंतर भरून मिळत नाही. म्हणून चिवटपणा सुरुवातीलाच वाढवायचा. पातळी वाढायला मुख्य आणि दुय्यम कौशल्यांत मिळून १० वाढी लागतात आणि मग झोपावं लागतं. ‘वाढ झाली, पण पातळी का नाही वाढली?’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘झोपला नाहीस’ एवढंच असतं.

जादूगारच व्हायचंय म्हणणारा एक तरी निघतोच. होऊ द्या, पण ‘अ‍ॅट्रोनाक’ रास घेऊ देऊ नका. जादूचा साठा मोठा दिसतो म्हणून सगळे भुलतात, पण त्या राशीत झोपूनही निळी पट्टी भरत नाही.

सेडा नीन ते बाल्मोरा

कचेरीच्या आवारात एका पिंपात अंगठी सापडते. बाहेर आल्यावर फार्गोथ नावाचा बुटका ती विचारतो. देऊन टाका. तो खूश होतो, आणि त्याचा मित्र आरील, गावातला दुकानदार, तोही. भावात फरक पडतो. आता खिशात सुरुवातीचे ८७ ड्रेक (गेममधले पैसे) आणि कचेरीतून उचललेलं सामान आहे. आरीलकडं कौशल्याला साजेसं शस्त्र बघा.

सावधगिरी एकच. चोरलेली वस्तू ज्याची, त्यालाच विकायला गेलात तर तो ओळखतो. उचलेगिरी केलीच तर माल दुसऱ्या गावात काढा.

दुकानाच्या माडीवर हृस्कार नावाचा माणूस फार्गोथनं पैसे कुठं लपवलेत ते शोधायचं काम देतो. रात्री दीपगृहावर उभं राहून बघायचं. हे काम नव्या माणसाकडून करून घ्याच. गेम कशाकडं बोट दाखवणार नाही, तुम्ही बघत राहायचं, हे त्याला इथं आपोआप कळतं. त्याच फेरीत दलदलीतल्या कुत्र्याच्या छत्र्या गोळा करून ठेवा. ल्युमिनस रसुला, व्हायलेट कोप्रिनस, बंगलर्स बेन आणि हायफा फेशिया, चारही प्रकार. बाल्मोराच्या जादूगारांच्या संघात अजिरा नेमक्या याच मागते आणि पहिलं काम दारातच उरकतं.

गावाबाहेर रस्त्यावर आकाशातून एक माणूस किंचाळत पडतो. त्याच्या अंगावर उडीच्या तीन गुंडाळ्या मिळतात. वापरायच्या तर आधी सेव्ह करा. एक वाचून उडी मारली की डोंगर ओलांडून जाता, पण परिणाम सातच सेकंद टिकतो आणि जमिनीवर आपटून मरता. जमीन जवळ आली की दुसरी वाचायची. बैठकीत सगळे एकमेकांचे स्क्रीन बघायला उठतात ती ही वेळ, तेव्हा घाई करू नका.

बाल्मोराला चालत पाठवू नका. गावाच्या कडेला उभा असलेला सिल्ट स्ट्रायडर (लांब पायांचा महाकाय किडा, इथली बस) थोडक्या पैशात नेतो. त्यावरून प्रवासाचं जाळं समजावून सांगा: सिल्ट स्ट्रायडर, होड्या, आणि जादूगारांच्या संघातली पाच ठिकाणांची झटपट ने-आण. बाल्मोरा, आल्डरून, काल्डेरा, साड्रिथ मोरा, विवेक. संघाचा सदस्य झालं की तिथं झोपायला पलंगही मिळतो. गावात उघड्यावर झोपता येत नाही, हे अनेकांना झोपायला गेल्यावरच कळतं.

आता खरी परीक्षा. केयस कोसेडिसला भेटा, एवढाच निरोप असतो. पत्ता काय, तर साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात जा आणि विचारा. नकाशावर बाण नाही, खूण नाही. बिंदू चौकातून तटाच्या कडेनं खाली जा आणि तिथं कुणालाही विचारा, असा पत्ता कोल्हापुरात रोज दिला जातो आणि माणूस पोचतो. गेमही तसाच चालतो. जर्नल (गेममधली नोंदवही) उघडा, वाक्य पुन्हा वाचा, रस्त्यावरच्या पाट्यांकडं बघा. प्रत्येकाला एक वही द्या. ‘कुणी, काय, कुठल्या बाजूला’ एवढं लिहिलं तरी निम्मी भटकंती वाचते.

केयस २०० ड्रेक देतो आणि ‘जरा अनुभव घे’ म्हणतो. हे खरंच ऐकायचं असतं. त्या पैशाची औषधं घ्या, लढवय्यांच्या संघात नाव घाला, तिथंच पैसे देऊन कौशल्य वाढवा. लगेच पुढच्या कामाला पळालेले आर्कंगथँडच्या अवशेषात मार खातात. त्या अवशेषाचं दार सापडत नाही ही तक्रार वीस वर्षं जुनी आहे: फोयादावरचा (राखेच्या घळीवरचा) जुना पूल ओलांडला की पाइपला एक हँडल आहे, ते फिरवायचं. आणि या कामात आणायची ती कोड्याची पेटी ‘हॉलो हँड’ नावाच्या भागात फळीवर ठेवलेली आहे. ती एवढीशी आहे की पोरं समोरून निघून जातात. दार सांगा. पेटीसाठी थोडं तंगवा.

महत्त्वाचं पात्र मारलं तर नियतीचा धागा तुटला असा निरोप येतो. तो दिसला की मागचा सेव्ह उघडायला सांगा.

मराठीत करता येईल का

हा प्रश्न येतोच, म्हणून सरळ उत्तर. गेमच्या मुख्य फाइल्समधला मजकूर जुन्या युरोपीय अक्षरसंचांत साठवलेला आहे, देवनागरी त्यात बसत नाही. शिवाय ओपनएमडब्ल्यूच्या खिडक्या आणि अक्षरं दाखवणाऱ्या भागाला जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवता येत नाहीत, नुसता फाँट बदलून भागत नाही. तेव्हा त्या नादाला लागू नका.

त्यापेक्षा एका पानाचा शब्दकोश छापा. फोयादा म्हणजे लाव्ह्यानं कोरलेली राखेची घळ. ड्वेमर म्हणजे नाहीशी झालेली यंत्रवाली जमात, त्यांची पितळी खंडहरं. ड्रेक आणि सेप्टिम दोन्ही पैसाच. क्वामा म्हणजे अंड्यांसाठी पाळलेले किडे, त्यांच्या खाणी. आउटलँडर म्हणजे बाहेरून आलेला, म्हणजे तुम्ही. न्वाह ही शिवी, तीही तुम्हालाच. मराठी माध्यमातल्या दहावी-बारावीच्या मुलांना एवढ्यावर संवाद झेपतात. लांब उतारे बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचून मराठीत सांगितले तर आणखी बरं.

सगळ्यांनी मिळून

टीईएस३एमपी नावाचं रूप आहे, त्यात एकाच बेटावर अनेकजण खेळतात. पण पहिल्या दिवशी नको. त्यात खिडकी उघडली तरी जग थांबत नाही, आणि संवाद वाचणाऱ्या माणसाच्या पाठीत खेकडा बसतो. प्रत्येकानं एकट्यानं बाल्मोरा गाठला की मग.

टीईएस३एमपी हे ओपनएमडब्ल्यूच्या ०.४७ आवृत्तीवर बांधलेलं आहे. नव्या आवृत्तीसाठी लुआ या भाषेत लिहिलेले मॉड यात चालत नाहीत आणि एकट्याचे सेव्हही इथं येत नाहीत. वेगळ्या फोल्डरात ठेवा. मॉडची यादी मात्र दोन्ही एकाच सेटिंगमधून वाचतात, त्यामुळे घरी कुणी जास्तीचा मॉड लावला असेल तर सर्व्हर त्याला आत घेत नाही. फाइल्स आणि त्यांचा क्रम सगळ्यांचा हुबेहूब एक लागतो. बैठकीआधी सगळ्यांच्या यादीत फक्त तीन मुख्य फाइल्स ठेवल्या तर वाद मिटतो.

एका लॅपटॉपवर सर्व्हर चालवा. बाकीच्यांच्या क्लायंटच्या सेटिंग फाइलमध्ये त्या लॅपटॉपचा स्थानिक आयपी लिहा, पोर्ट २५५६५. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मास्टर सर्व्हरची नोंद बंद करा, म्हणजे बाहेरचे घुसणार नाहीत. विंडोज फायरवॉल विचारेल तेव्हा ‘प्रायव्हेट’ला परवानगी द्या. जोडणी होत नसेल तर नेटवर्क ‘पब्लिक’ समजलं गेलंय का ते बघा, तसं असेल तर बदला. पोर्ट युडीपी प्रकारचं आहे, टीसीपी उघडून उपयोग नाही. होस्टेलच्या वायफायवर सगळं बरोबर असूनही एकमेकांचे लॅपटॉप दिसत नाहीत, कारण तिथं जोडलेल्या मशीनना एकमेकांपासून तोडून ठेवलेलं असतं. एखादा जुना राउटर आणा, त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं. घरोघरून खेळायचं असेल तर मोबाईल नेटवर्कवर पोर्ट उघडायचा प्रयत्न करू नका, एकाच पत्त्यामागं शेकडो ग्राहक असल्यानं ते होत नाही. टेलस्केल किंवा झीरोटियरसारखं खासगी जाळं वापरा.

जर्नल सगळ्यांत वाटून घ्यायचं की नाही हे सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ठरतं. वाटून घेणं चालू ठेवा, नाहीतर प्रत्येकाला केयसकडं वेगळं जावं लागतं. वस्तू मात्र एकच असते. फार्गोथची अंगठी ज्यानं आधी उचलली त्याची, आणि मेलेला माणूस सगळ्यांसाठी मेला. हे खेळ सुरू होण्याआधी सांगा, भांडणं टळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये बैठक असेल तर लाइट जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉप तग धरतात, राउटर आधी मरतो, म्हणून इन्व्हर्टरवर पहिला त्यालाच घ्या. सर्व्हरच्या ‘डेटा’ फोल्डरात खेळाडू आणि जग यांच्या फाइल्स असतात. बैठक संपली की सर्व्हर बंद करून ते अख्खं फोल्डर तारीख घालून पेनड्राइव्हवर कॉपी करा. लाइट गेल्यावर अर्धवट लिहिलेली फाइल पुढच्या वेळी वाचता येत नाही, आणि तेव्हा मागच्या रविवारची प्रत टाकली की त्या खेळाडूचं एका बैठकीपुरतंच नुकसान होतं.